झुलाल पेंटरचा मातकट समुद्र

गेल्या वर्षीची नऊ मार्च, रविवार, सकाळी साडेदहा. जागा: आमच्या गावच्या वाचनालयाची नवी खोली, चोवीस बाय चाळीस फूट. रक्कम: अकरा हजार रुपये, निम्मी आगाऊ, निम्मी काम पूर्ण झाल्यावर. हजर: अध्यक्ष मगनभाई, समितीचे चार सभासद, खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांना काम द्यायचं होतं ते विसरवाडीचे झुलाल पेंटर. एकूण सात माणसं. काम: वादळी समुद्राचं एक तैलचित्र, सहा फूट बाय चार फूट, त्यात एक जहाज.

आमचं गाव तापीच्या काठावर आहे, शहाद्यापासून अकरा किलोमीटर. गावात केळी, ऊस आणि कापूस. समुद्राशी गावाचा संबंध एकच, मगनभाईंची मुलगी रोहिणी. ती मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. गावातून जहाजावर गेलेलं पहिलं माणूस तीच, आणि ते माणूस मुलगी. दिवाळीत ती सुट्टीवर येणार होती. तिचा सत्कार करायचा आणि वाचनालयाच्या मोठ्या भिंतीवर तिच्या समुद्राचं चित्र कायमचं लावायचं, असं ठरलं. झुलाल पेंटरांचं नाव मी सुचवलं. म्हणून पुढे जे झालं त्याची थोडी जबाबदारी माझ्याकडे येते.

मी आता पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. त्याआधी आठ वर्षं विसरवाडीच्या फाट्यावर एका खासगी धर्मकाट्यावर होतो. ट्रक यायचा, भरलेला मोजायचा, रिकामा मोजायचा, वजाबाकी करून पावती द्यायची. काट्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये झुलालअप्पांचं काम चाले. सुरत ते नागपूर जाणाऱ्या ट्रकांच्या मागच्या फळ्या ते रंगवत. नंबर, मालकाचं नाव, दोन ओळी मजकूर आणि एक चित्र. आठ वर्षांत मी त्यांना दोनशेच्या वर ट्रक रंगवताना पाहिलं. ते मला ‘काटाभाऊ’ म्हणत.

अंगाने काटकुळे, उंची पाच फूट तीन इंच, वजन एकावन्न किलो. वजन अंदाजाचं नाही, एकदा त्यांनी हौसेने माझ्या काट्यावर उभं राहून पाहिलं होतं. दहा टनाच्या वरचे ट्रक मोजणाऱ्या त्या काट्याने एकावन्न दाखवायचं की पन्नास, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. शेवटी अप्पा शेजारच्या किराणा दुकानात जाऊन ज्वारीच्या तराजूत बसून आले. एकावन्न भरलं. मी म्हटलं तेच. त्यांनी खिशातून दोन लवंगा काढून मला दिल्या. हरल्यावर ते लवंगा देत.

ब्रश ते नेहमी डाव्या बाहीला पुसत. उजवी बाही पांढरीशुभ्र आणि डावी कोपरापर्यंत रंगांनी कडक झालेली. दिवाळीला नवा सदरा आला की पाडव्याच्या दिवशी डाव्या बाहीवर पहिला डाग पडायचा, आणि त्या वर्षाचे सगळे ट्रक त्यावर जमा व्हायचे. त्यांच्या बायकोने एकदा चिडून जुन्या सदऱ्याची डावी बाही कापून त्याचं पायपुसणं केलं. ते पायपुसणं शेडच्या दारात होतं आणि सगळ्या विसरवाडीत त्याच्याइतकं सुंदर पायपुसणं नव्हतं.

पण अप्पा सगळ्या हायवेवर ओळखले जात ते दुसऱ्याच कारणाने. एखादी गोष्ट नीट पाहायची असली की ते तिच्याकडे पाठ करत, पाय फाकवून उभे राहत, कमरेत वाकत आणि दोन पायांच्या मधून ती पाहत. साठीच्या घरातला माणूस, पायजमा-सदरा, डोकं खाली, टोपी हातात. येणारे जाणारे ट्रक भोंगे वाजवत. अप्पांना फरक पडत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्ता ओलांडून विचारायला गेलो.

“अप्पा, बरं वाटत नाही का?”

“बेस शे,” ते तसेच वाकलेले असताना म्हणाले. “सुलटं देखं तं डोकं देखस. उलटं देखं तं डोया देखतस.”

“म्हणजे?”

“सुलटा ऱ्हायना म्हणजे डोकं सांगस, हाई रस्ता शे, हाई झाड शे. उलटा व्हयना का नावं पडी जातस. रस्ता दिसस नही. एक काया पट्टा दिसस, त्यानावर एक निया पट्टा. तोच काढाना.”

मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं, मीही वाकून पाहिलं. रस्ता खरंच काळा पट्टा झाला होता, आणि तो काळाही नव्हता, दुपारच्या उन्हात निम्मा पांढरा होता. रोज पाहायचो तोच रस्ता. नंतर कंबर दोन दिवस दुखली.

दुसरी त्यांची अट अशी होती की जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. हिच्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक जाई. साक्रीकडचा एक ट्रकमालक नव्या गाडीवर राजहंसाची जोडी काढून घ्यायला आला. तळं, कमळं, मागे डोंगर, पुढे राजहंस, हे त्या काळी चालू होतं.

“राजहंस मी देखेल नही,” अप्पा म्हणाले. “बदक देखेल शे. बदक काढू का?”

“अप्पा, गाडीवर बदक कोणी काढतं का?”

“कोनी नही काढत. म्हनीसन तुन्ही गाडी लांबथून वळखू ई.”

मालक हसत हसत हो म्हणाला, आणि गाडी ठेवून गेला. अप्पा तीन दिवस नवापूरच्या एका तळ्यावर जाऊन बसले. चौथ्या दिवशी ट्रकच्या मागे दोन बदकं आली. एक पाण्यात डोकं खुपसून शेपूट वर केलेलं, दुसरं अंग झटकणारं. थेंब असे काढले होते की मागच्या गाडीवाल्याने वायपर लावावा. मालक परत आला, त्याने फळीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, “साला, हे ओलं आहे.” त्या गाडीचं नाव बदकगाडी पडलं. माझ्या काट्यावर ती एकोणतीस वेळा आली, आणि दर वेळी रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून मागे जाऊन बघत. पुढे सहा मालकांनी बदकंच मागितली.

मग फ्लेक्स आलं. पत्र्यावर, काचेवर, बोर्डावर, लग्नाच्या मांडवावर, सगळीकडे छापील चित्र. ट्रकवाले तयार स्टिकर चिकटवू लागले. रस्ता रुंद झाला तेव्हा शेड मागे सरकली आणि फाट्यावरून ती दिसेनाशी झाली. मी नोकरी बदलून पुरुषोत्तमनगरला आलो तेव्हा अप्पांकडे महिन्याला एखादं काम येत होतं. बहुतेक वेळा नुसते नंबर. तरुणपणी त्यांनी धुळ्याला सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली काम केलं होतं आणि तिथे तैलरंग शिकले होते. “एकदा मोठं काढानं शे तेलमा,” हे ते मला निदान पन्नास वेळा म्हणाले असतील. म्हणून नऊ मार्चच्या सभेला मी त्यांचं नाव घेतलं.

सभेत मगनभाईंनी विचारलं, “अप्पा, समुद्र काढाल ना?”

“देखेल नही.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“अहो, कॅलेंडर आहे घरी. त्यात बघा,” मगनभाई म्हणाले.

“कॅलेंडर देखीसन कॅलेंडर निघी, भाई. समुंदर कसा निघी? पह्यले देखी येस, मंग काढस.”

मगनभाई स्वभावाने उदार माणूस. हसले आणि म्हणाले, “या बघून. पण वादळ पाहिजे, जहाज पाहिजे, आणि पाणी निळंशार पाहिजे.” सामानाचा खर्च समिती वेगळा देणार होती; त्याची यादी त्यांनी स्वतः सांगितली, मी लिहून घेतली. कॅनव्हास, अळशीचं तेल, टर्पेंटाइन, ब्रश, पांढरा रंग, आणि ‘निळा रंग, मोठ्या ट्यूब तीन’. अप्पांनी यादी वाचली, निळ्यापाशी थोडे थांबले आणि ती घडी करून खिशात घातली.

जुलैत ते ओळखीच्या ट्रकमधून सुरतेला गेले आणि तिथून पुढे समुद्रकाठच्या एका कोळ्यांच्या गावात. पावसाळ्यात होड्या बाहेर काढून ठेवलेल्या असतात, समुद्रावर कोणी जात नाही. अप्पा एका चहाच्या टपरीत नऊ दिवस राहिले. पहिले तीन दिवस पावसाने काही दिसलंच नाही. पाचव्या आणि सहाव्या दिवशी खरं वादळ झालं. लोक दारं लावून घरात बसले होते, आणि हा एकावन्न किलोचा माणूस वाळूत पाठमोरा उभा राहून पायांच्या मधून समुद्र बघत होता. टपरीवाल्याने दोनदा त्यांना हाताला धरून आत आणलं. तिसऱ्यांदा त्याने त्यांच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक टपरीच्या खांबाला.

परत आल्यावर त्यांनी मला एक शाळेची वही दाखवली. चित्र एकही नाही, सगळ्या पानांवर पाच-पाचच्या रेघा. टपरीवाला म्हणाला होता की सातवी लाट सगळ्यांत मोठी असते. अप्पांनी ते पडताळून पाहिलं होतं. अकराशे सोळा लाटा मोजल्या होत्या. मोठी लाट कधी तिसरी, कधी अकरावी, कधी दोन लागोपाठ.

“सातवीनं काही खरं नही,” ते समाधानाने म्हणाले.

मी बेरीज केली. अकराशे बारा आली. पुन्हा केली, तीच आली. तसं सांगितलं.

“चार तुम्हले सोडी दिन्यात, काटाभाऊ,” ते म्हणाले, आणि दोन लवंगा काढून दिल्या.

चित्र त्यांनी विसरवाडीच्या शेडमध्ये सात आठवड्यांत काढलं. चौदा सप्टेंबरला ते आमच्या गावी आलं, चादरीत गुंडाळून, ट्रकमध्ये उभं. सहा माणसांनी उतरवलं. समिती हजर होती, आणि मुलीचं म्हणून मगनभाईंच्या पत्नी सरलावहिनीही आल्या होत्या. अप्पांनी चादर ओढली.

पाणी मातकट होतं. वर करडं आभाळ, त्याच्याखाली गढूळ, तपकिरी, जाड लाटा, एकीमागून एक, आणि त्यांच्या पाठीवर फेस पांढऱ्या दोऱ्यांसारखा ताणलेला. निळं बोटभरही नाही. जहाज शोधावं लागत होतं. ते उजवीकडे वर, दोन लाटांच्या खाचेत, काळं, नाक थोडं वर उचललेलं. मी नंतर पट्टीने मोजलं: दोन इंच आणि एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सरलावहिनी चित्रासमोर उभ्या राहिल्या. हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला आणि कोणाशी काही न बोलता निघून गेल्या. मी ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

“अप्पा,” मगनभाई म्हणाले, “हा समुद्र आहे? हा तर आपल्या तापीचा पूर!”

बाकीचे सभासद हसले. आमच्या गावात पूर सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुराचं पाणी कसं दिसतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. एक जण म्हणाला, सुरतेला गेलेच नाहीत, पुलावर उभं राहून काढलं असेल. दुसरा म्हणाला, गाडीभाडं वाचवलं.

अप्पा रागावले नाहीत. “समुंदर निया व्हई कोठे तरी. मी गऊ तठे मातकट व्हता. आन तुम्ही म्हणतस ते खोटं नही, भाई. ते आपलंच पानी शे. आठेनाच गाळ तापी तठलोंग लई जास.”

“आणि जहाज एवढंसं? माझी मुलगी आहे त्याच्यावर!”

“तितलंच दिसनं.”

“दोन दिवसांचं काम आहे. पाणी निळं करा, जहाज मोठं करा. उरलेले पैसे तयार आहेत.”

“दोन दिनबी जास्त व्हतीन,” अप्पा म्हणाले. “पन जे देखं नही ते मी काढस नही.”

ठराव झाला: बदल करून मिळेपर्यंत उरलेली रक्कम रोखावी. पाच विरुद्ध शून्य. मी मत दिलं नाही, पण ठरावावर खजिनदार म्हणून सही केली. मी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला होता, मुंबईत, सतरा वर्षांपूर्वी, चाळीस मिनिटं, आणि तो राखी रंगाचा होता. हे मला त्या सभेत आठवत होतं. मी बोललो नाही. ही गोष्ट इथे लिहून ठेवतो.

चित्राचं तोंड भिंतीकडे करून ते वर्तमानपत्रांच्या घोडीमागे उभं ठेवलं. अप्पा जाताना त्याच्या मागच्या लाकडी चौकटीवरून हात फिरवून गेले आणि मला म्हणाले, “हवा लागू द्या त्याले. तेल सुकाले हवा लागस.” पैशांबद्दल अक्षर नाही. पण दारातून बाहेर पडल्यावर ते थांबले आणि मागे न वळता म्हणाले, “चाळीस वरीस थांबनू मी एका समुंदरसाठे, काटाभाऊ.” मग बस स्टँडकडे गेले. त्यांची डावी बाही पहिल्यांदाच मला त्यांच्यापेक्षा जड वाटली.

ऑक्टोबरच्या अठराला, शनिवारी संध्याकाळी, रोहिणीचा सत्कार झाला. खोलीत एकशे दहा खुर्च्या मावल्या, बाकीचे उभे. व्यासपीठामागे समितीने फ्लेक्स लावलं होतं: निळाशार समुद्र, नारळाची झाडं आणि पांढरंशुभ्र सात मजली जहाज. मी अप्पांना निरोप पाठवला होता. ते आले आणि सगळ्यांत मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. नवा सदरा होता, डावी बाही कोरी.

रोहिणी तिशीची आहे. आवाज मोठा, इंजिनाच्या वरून बोलायची सवय असल्यासारखा. तिने फ्लेक्सकडे पाहिलं आणि हसू आवरलं नाही.

“बापू, हे कुठलं जहाज लावलंय? हे लोकांना फिरायला नेणारं आहे. याच्यात पोहण्याचा तलाव असतो! आमच्यात लोखंड आणि कोळसा असतो.”

लोक हसले. मगनभाईही हसले, पण कसनुसे. तेव्हा मी उठलो. माझा स्वभाव सभेत उठण्याचा नाही. मी म्हणालो, “रोहिणी, आणखी एक चित्र आहे. ते समितीने नाकारलेलं आहे. पण नोंदीत आहे.”

“दाखवा की.”

चौघांनी ते घोडीमागून काढलं आणि फ्लेक्सच्या पुढे उभं केलं.

रोहिणी व्यासपीठावरून खाली उतरली. चित्रापासून सहा-सात फुटांवर थांबली. मी तिच्या पायांकडे पाहत होतो, कारण तिने एक विचित्र गोष्ट केली. तिने दोन्ही पाय फाकवले आणि गुडघे थोडे सैल सोडले, जमीन हलणार असल्यासारखे. ती तशी उभी आहे हे तिला माहीत नसावं.

“वारा डावीकडून आहे,” ती हळू म्हणाली. “फेस बघा. लाटेच्या तोंडाशी थांबलेला नाही, वाऱ्याच्या रेघेत मागे ओढला गेलाय. आम्ही वाऱ्याला नंबर देतो. हा आठ.” मग आणखी एक पाऊल पुढे. “नाही. नऊ.”

तिने मागे वळून विचारलं, “हे कोणी काढलं? कुठल्या जहाजावर होते ते?”

“जहाजवर नही, ताई,” मागून आवाज आला. “खांबले बांधेल व्हतू.”

“पण पाणी...” मगनभाई म्हणाले. “रोहिणी, हे पाणी मातकट आहे. समुद्र निळा असतो ना?”

“सुरतेच्या बाजूला पाणी असंच असतं, बापू. नद्यांचा गाळ येतो. मी सात वेळा गेलेय तिथून. पावसाळ्यात तर अगदी हेच.” तिने बोट न लावता लाटेवरून हात फिरवला. “कोणी एवढं खरं काढेल असं वाटलं नव्हतं मला. मी तुम्हाला फोनवर सांगते तेव्हा तुम्ही ‘हो हो’ म्हणता. मला कळतं तुम्हाला दिसत नाही. हे बघा. हे आहे माझं काम.”

“आणि जहाज? एवढंसं?”

“एवढंच दिसतं, बापू. आत असलं की एवढंही वाटत नाही.”

पुढच्या रांगेत सरलावहिनी उभ्या राहिल्या. घरी ते गुजर बोलीत बोलतात, आणि त्या तसंच बोलल्या. मी इथे मराठीत देतो.

“तू याच्यात असतेस?”

आता मला सप्टेंबरमधला तो चहाचा ट्रे आठवला. मगनभाई मान खाली घालून बसले होते. चित्र तापीच्या पुरासारखं दिसतं म्हणून त्यांनी ते नाकारलं नव्हतं. ट्रे ठेवून जाताना बायकोचा चेहरा त्यांनी पाहिला होता, आणि त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. हे त्यांनी नंतर मला स्वतः सांगितलं. निळं पाणी त्यांना भिंतीसाठी नको होतं, घरासाठी हवं होतं.

“असते, आई,” रोहिणी म्हणाली. “आणि दर वेळी बाहेर येते.”

सरलावहिनी चित्राजवळ गेल्या. चष्मा वर केला आणि त्या दोन इंचांच्या काळ्या जहाजावर बोट ठेवलं.

“ह्यात?”

“ह्यात.”

“नाक वर आहे ह्याचं.”

“हो. म्हणजे लाट चढतंय. हा माणूस बरोबर आहे, आई. चढताना नाक वरच असतं.”

वहिनींनी बोट बराच वेळ तिथेच ठेवलं. मग त्या वळल्या आणि सगळ्या समितीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हे इथंच राहील. कोणी निळं करायचं नाही.”

टाळ्या पहिल्यांदा बायकांच्या बाजूने सुरू झाल्या. मग सगळी खोली. मी मोजायचा प्रयत्न केला नाही. रोहिणी खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेली, स्वतःच्या गळ्यातला सत्काराचा हार काढला आणि झुलालअप्पांच्या गळ्यात घातला. हार त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला. मगनभाई तिच्या मागोमाग आले. हात जोडले आणि म्हणाले, “अप्पा, मला का नाही दिसलं?”

“तुम्ही सुलटं देखं, भाई.”

“म्हणजे?”

अप्पांनी पाठ वळवली, पाय फाकवले आणि करून दाखवलं. मगनभाई ब्याण्णव किलो आहेत; माझा अंदाज दोन किलोच्या आत असतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फेटा काढून माझ्या हातात दिला आणि भर सभेत, एकशे दहा खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, चित्राकडे पाठ करून ते वाकले. चेहरा लाल झाला.

“अरे!” दोन पायांच्या मधून ओरडण्याचा आवाज आला. “अरे, हे हलतंय!”

मग जे झालं ते मी उरलेल्या आयुष्यात पुन्हा पाहीन असं वाटत नाही. सभासद वाकले, शिक्षक वाकले, दोन म्हातारे एकमेकांना धरून वाकले. रोहिणी हसून हसून खाली बसली होती. अप्पा एकटेच सरळ उभे होते, गळ्यात हार, आणि सगळ्या गावाच्या पाठी बघत होते.

मगनभाईंनी त्याच जागी एकवीस हजार जाहीर केले. अप्पा म्हणाले, “ठरनं तितलंच द्या.” आणि तेही तेव्हा घेतले नाहीत. “सहा महिना तेल सुकस. मंग वार्निश. मंग काम पुरं. मंग पैसा.”

ते मे महिन्याच्या दोन तारखेला आले, वार्निशची बाटली आणि रुंद ब्रश घेऊन. विसरवाडीची शेड त्यांनी मोडली होती. मुलगी सुरतेला असते, तिच्याकडे कायमचं राहायला निघाले होते. “तठेथून समुंदर वीस किलोमीटर शे,” ते मला सांगत होते. “रोज नही जमाव. पन हप्तामा एकदाव तं जमी.” वार्निशला एक तास दहा मिनिटं लागली. मातकट पाणी ओलं झाल्यासारखं चमकू लागलं. ब्रश त्यांनी डाव्या बाहीला पुसला.

मी पावती लिहून ठेवली होती. ‘झुलाल पेंटर’ खोडून ‘चित्रकार झुलाल’ करायचा माझा विचार होता, तसं त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “पेंटरच लिखा. सगळा हायवे माले त्याच नावथून वळखस.” मी तसंच ठेवलं. मग त्यांनी खिशातून एक बिल आणि काही नोटा काढल्या. समितीच्या यादीप्रमाणे निळ्या रंगाच्या तीन ट्यूब त्यांनी घेतल्या होत्या, पण एकही उघडली नव्हती. करड्यापुरता लागला तो निळा त्यांच्या जुन्या पेटीतला होता. दुकानदाराने ट्यूब परत घेतल्या होत्या.

“काटाभाऊ, हाई बी लिखा.”

मी ते लिहीपर्यंत अप्पा बाहेर गेले. त्यांची बस यायला वेळ होता. खिडकीतून मला दिसले ते वाचनालयाच्या पायरीवर, नदीकडे पाठ करून, टोपी हातात घेऊन, कमरेत वाकलेले. समोरून उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर गेला आणि त्याने भोंगा वाजवला. ते हलले नाहीत. उन्हाळ्याची तापी काठाला आकसून गेलेली, तिच्यात पाहण्यासारखं काय होतं मला माहीत नाही. त्यांनी ते पूर्ण पाहून घेतलं आणि मगच बसमध्ये चढले.

त्या दिवशीच्या नोंदी दोन. झुलाल पेंटर, विसरवाडी, यांस समुद्राच्या चित्राची उरलेली रक्कम, रुपये पाच हजार पाचशे, दिली. झुलाल पेंटर यांजकडून, न वापरलेल्या निळ्या रंगाबद्दल, समितीस रुपये आठशे पंचावन्न, मिळाले.